रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारताना

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नाही अशा आजाराच्या, रुग्णाला घरी सोडताना सिस्टर ज्या सूचना देतात, त्या लक्षपूर्वक ऐकणारी व्यक्ती बहुतेक वेळा रुग्ण नसते. रुग्ण दमलेला असतो, त्याला घरी जायची ओढ लागलेली असते आणि बिलाच्या खिडकीवरून मुलगा परत कधी येतो याकडे त्याचे लक्ष असते. गोळ्यांची पिशवी धरून शेजारी उभी असलेली पत्नी, सून किंवा मुलगी मात्र प्रत्येक शब्द मनात टिपत असते. असे असूनही केसपेपरवर तिच्या वाट्याला नाते आणि मोबाइल क्रमांक एवढ्याच दोन नोंदी येतात. पुण्यात अनेक वर्षे हृदयरोग विभागात काम केल्यानंतर आणि पुढे नर्सिंग महाविद्यालयात शिकवू लागल्यानंतर मी पीएच.डी.साठी हाच विषय घेतला: हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची स्व-काळजी आणि तिच्यात कुटुंबातील काळजीवाहकाचा वाटा. त्या अभ्यासाची प्रक्रिया प्रत्यक्षात कशी घडत गेली, ते येथे लिहीत आहे.

स्व-काळजी ही परिचर्याशास्त्रातील जुनी संकल्पना आहे. डोरोथिया ओरेम यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावर आपला सिद्धान्त उभा केला आणि तो आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आजही शिकतात. दीर्घकालीन आजारांपुरता अधिक नेमका विचार बार्बरा रीगल, टिनी यार्स्मा आणि ॲना स्ट्रॉमबर्ग यांनी 2012 मध्ये मांडला. त्यांच्या मांडणीनुसार स्व-काळजीचे तीन भाग पडतात. औषधे, आहार, व्यायाम सांभाळून प्रकृती स्थिर ठेवणे हा पहिला. शरीरातील बदलांवर लक्ष ठेवणे हा दुसरा. आणि बदल दिसल्यावर योग्य ती कृती करणे हा तिसरा. रोमच्या एर्कोले वेल्लोने यांनी सहकाऱ्यांसह याच धर्तीवर काळजीवाहकाचा वाटा मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णासाठी एक आणि काळजीवाहकासाठी तिच्याशी समांतर अशी दुसरी, या दोन प्रश्नावल्या माझ्या अभ्यासाचा पाया ठरल्या.

भारतात हा विषय घेण्याला आणखी एक कारण होते. त्रिवेंद्रम येथील हार्ट फेल्युअर नोंदणीत 2013 साली दाखल झालेल्या 1205 रुग्णांची माहिती गोळा केली गेली आणि त्यांचे सरासरी वय 61 वर्षांच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांतील नोंदणींमध्ये हे वय साधारण दहा वर्षांनी अधिक असते. या फरकाचा घरावर होणारा परिणाम मोठा आहे. आपल्याकडे ‘पंपिंग कमी झालंय’ असे डॉक्टरांनी सांगितलेला माणूस अनेकदा नुकताच निवृत्त झालेला किंवा अजून कमावता असतो, एखाद्या मुलीचे लग्न व्हायचे असते, आणि त्याची काळजी घेणारी पत्नी पन्नाशीत असते. तिला स्वतःची नोकरी असू शकते, सासूबाई अंथरुणावर असू शकतात. परदेशातील अभ्यासांत काळजीवाहक म्हणून समोर येणारी सत्तरीतील पत्नी आणि आपल्याकडची ही बाई यांच्या दिवसाची रचना सारखी नसते, म्हणून तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावणे मला योग्य वाटत नव्हते.

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर होणे, रुग्णालयांची परवानगी, प्रश्नावल्यांचा मराठी अनुवाद, दुसऱ्या व्यक्तीकडून उलट इंग्रजी अनुवाद, तज्ज्ञांकडून तपासणी हे टप्पे कोणत्याही संशोधकाला ठाऊक असतात, त्यामुळे त्यांवर थांबत नाही. नैतिकता समितीपुढची चर्चा मात्र सांगण्यासारखी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक असते. मी काळजीवाहकासाठी स्वतंत्र माहितीपत्रक आणि स्वतंत्र संमतीपत्र जोडले होते. समितीच्या एका सदस्यांनी विचारले की, नातेवाईक केवळ रुग्णाविषयी माहिती देणार असेल तर दुसरे संमतीपत्र कशाला. मी उत्तर दिले की, या अभ्यासात तिला तिच्याविषयीही विचारले जाणार आहे: तिची झोप, तिचा थकवा, तिची स्वतःची औषधे. म्हणजे रुग्ण हो म्हणाला तरी तिला नाही म्हणता आले पाहिजे, आणि तिने दिलेली उत्तरे रुग्णालाही सांगितली जाणार नाहीत, हे तिला लेखी मिळाले पाहिजे. समितीने हे मान्य केले. शिवाय एकाने माघार घेतल्यास दुसऱ्याच्या माहितीचे काय करणार, हे दोन्ही पत्रकांत स्पष्ट लिहायला सांगितले. ती सूचना फार मोलाची होती, कारण पुढे खरोखरच अशी वेळ आली.

प्रत्यक्षात संमती घेताना मात्र बहुतेक बायकांचे पहिले वाक्य एकच असे: ‘माझं काय विचारता सिस्टर, त्यांना विचारा.’ हा नकार नसे. आपल्याविषयी कोणी विचारू शकते ही कल्पनाच नवी असे. मी माहितीपत्रक पूर्ण वाचून दाखवत असे आणि घाई करत नसे. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांच्या अंगठ्याबरोबर निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यावी लागते, आणि हा साक्षीदार घरातला नसावा, असा आग्रह मी शेवटपर्यंत धरला. नवऱ्याने साक्षीदार म्हणून सही केलेल्या कागदावर बायको मोकळेपणी कशी बोलेल?

पथदर्शी अभ्यासात, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणी अभ्यासात, पहिला अडथळा वजनाचा आला. हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात पाणी साठू लागले की, पायावर सूज दिसण्याआधी किंवा दम लागण्याआधी वजन वाढते. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, साधारण तशाच कपड्यांत वजन करावे आणि तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढ झाल्यास डॉक्टरांना कळवावे, असे सांगितले जाते. प्रश्नावलीतही रोज वजन पाहता का, असा प्रश्न आहे. अनेक घरांत वजनकाटाच नव्हता. औषधे आणायला गेल्यावर मेडिकलच्या दुकानातील काट्यावर उभे राहणे, एवढीच त्यांची सोय. अशा रुग्णाला त्या प्रश्नात कमी गुण मिळतात आणि कागदावर तो निष्काळजी ठरतो, प्रत्यक्षात मात्र ते गुण घरात काटा नाही एवढेच सांगत असतात. मार्गदर्शकांशी चर्चा करून मी रुग्णाची प्राथमिक माहिती भरायच्या तक्त्यात काट्याविषयी वेगळा प्रश्न जोडला. अभ्यासातील कुटुंबांना काटा द्यावा का, यावरही आम्ही बराच विचार केला. सुरुवातीलाच दिला असता तर जे मोजायचे तेच बदलले असते, आणि न देणे माझ्या मनाला पटत नव्हते. शेवटची मुलाखत झाल्यानंतर गरजू कुटुंबांना तो द्यायचा, असे ठरले आणि समितीलाही तसे कळवून मान्यता घेतली.

दोघांच्या मुलाखती वेगवेगळ्या घेणे हा या अभ्यासाचा कणा होता आणि तेच सर्वांत अवघड काम होते. ओपीडीत रुग्ण ईसीजी किंवा इकोसाठी आत गेला की बाहेरच्या बाकावर त्याच्या पत्नीशी बोलायला वेळ मिळे, पण तेव्हाही तिचा अर्धा जीव दाराकडे असे. घरी गेल्यावर वेगळीच अडचण. जनता वसाहतीतील एका खोलीच्या घरात खासगीपणा कुठून आणणार? धायरीच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जागा होती, पण काका हॉलमधून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देत होते. हळूहळू मी घराच्या वेळा ओळखायला शिकले. कुठे पाणी यायच्या आधीचा तास मोकळा असे, कुठे रुग्ण दुपारी झोपल्यावर, कुठे संध्याकाळी तो देवळात गेल्यावर. एक मावशी मला म्हणाल्या, ‘गच्चीवर या, कपडे वाळत घालता घालता बोलू.’ त्यांच्या मुलाखतीइतकी सविस्तर मुलाखत मला दुसरीकडे क्वचितच मिळाली. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधील घरभेटी मी ठेवल्याच नाहीत. रस्ते बंद असतात हे एक, आणि त्या दिवसांतील आहाराविषयीची उत्तरे वर्षभराचे चित्र दाखवत नाहीत हे दुसरे.

वेगवेगळे विचारल्यामुळे काय हाती लागते, हे मिठाच्या प्रश्नातून सर्वांत स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही थोडे कमी. बिबवेवाडीतील एका काकांना मी विचारले की, ते कमी मिठाचे जेवण किती वेळा घेतात. ते म्हणाले, ‘अजिबात नाही, मी पूर्वीसारखंच जेवतो, मला अळणी चालत नाही.’ काकूंना वेगळे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, इस्पितळातून आल्यापासून त्यांनी आमटीतले मीठ थोडे थोडे करून निम्म्यावर आणले आहे, आमसूल आणि लिंबू वाढवले आहे, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली आहे आणि पापड ‘संपले’ म्हणून सांगितले आहे. काकांना याचा पत्ता नव्हता. दोघेही खरे बोलत होते.

येथे प्रश्नावलीची एक मर्यादा मला दिसली. काळजीवाहकाच्या प्रश्नावलीत विचारले जाते की, तुम्ही रुग्णाला अमुक करायला किती वेळा सुचवता किंवा त्याला जमत नसल्यामुळे ते तुम्ही स्वतः किती वेळा करता. काकू सुचवत नव्हत्या, आणि काकांना जमत नाही म्हणून त्यांच्या जागी काही करत होत्या असेही नव्हते. त्या न बोलता घरच बदलत होत्या. आपल्या स्वयंपाकघरांत ही तिसरी रीत फार आहे आणि ती कोणत्याही रकान्यात नीट बसत नाही. म्हणून मी गुणांबरोबर मोकळ्या मुलाखतींचा भाग वाढवला आणि मार्गदर्शकांनी त्याला पाठिंबा दिला. दोघांच्या उत्तरांत तफावत दिसली की काळजी विस्कळीत आहे, असा अर्थ घाईने लावला जातो. काकूंच्या घरातील तफावत मात्र उत्तम काळजीची खूण होती. अर्थात या रीतीचा धोकाही आहे. काकू आठवडाभर माहेरी गेल्या तर काका स्वतःच्या हाताने पूर्वीइतकेच मीठ घालणार, कारण त्यांच्या लेखी काही बदललेलेच नाही.

मिठाविषयीचे काही गैरसमज मात्र दोघांमध्येही सारखेच आढळले. उपवासाला सैंधव चालते, म्हणून ते हृदयालाही चालते, असे अनेकांना वाटते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. खारी आणि टोस्ट हे आजाऱ्याचे हलके खाणे समजले जाते, त्यांतील मीठ आणि सोडा कोणी हिशेबात धरत नाही. पानात डाव्या बाजूला मीठ वाढायची आपली पद्धत मात्र उपयोगी पडू शकते, असे मला वाटते. स्वयंपाकात सर्वांसाठीच मीठ कमी घालावे आणि ज्याला हवे त्याने पानातले घ्यावे, हे एका सुनेने स्वतःहून सुरू केले होते. त्यामुळे तिला दोन भांड्यांत दोन भाज्या कराव्या लागत नव्हत्या, आणि सासऱ्यांना आपले ताट वेगळे काढले जाते असेही वाटत नव्हते.

दुसरा ठळक विषय लघवीच्या गोळीचा. शरीरात साठलेले पाणी बाहेर काढणारी ही गोळी घेतल्यावर काही तास वारंवार लघवीला जावे लागते. ज्या दिवशी बाहेर जायचे असते त्या दिवशी ती टाळली जाते, हे रुग्णाला एकट्याला विचारल्यावर क्वचित कळत असे. काळजीवाहक मात्र सहज सांगून जात. हडपसरहून पीएमपीएमएलच्या बसने ओपीडीला येणाऱ्या एक आजी तपासणीच्या दिवशी गोळी घेत नसत, कारण वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नसे. डॉक्टरांसमोर त्या नेमक्या गोळी न घेतलेल्या दिवशी येत, आणि सूज पाहून डॉक्टर डोस वाढवत. हे सांगितले त्यांच्या मुलीने. डॉक्टरांशी बोलून अशा दिवशी गोळी घरी परतल्यावर घेण्याची सोय बहुधा करता येते, पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते.

एका वारकरी काकांची जोडी माझ्या कायम लक्षात राहील. आषाढीला पालख्या पुण्यात मुक्कामी असतात आणि ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. तरुणपणापासून घाट चढलेल्या काकांना यंदाही जायचे होते. काकू रागावल्या नाहीत, अडवलेही नाही. त्यांनी ओपीडीत येऊन सिस्टरांना विचारले, डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि नवऱ्याशी बोलून असे ठरवले की, पालखीबरोबर थोडे अंतर सावकाश चालायचे, हडपसरला थांबायचे आणि तेथून रिक्षाने परत यायचे. पाण्याची बाटली मोजून भरलेली, गोळीची वेळ ठरलेली, आणि दम लागला तर काय करायचे ते दोघांनाही पाठ. रीगल यांच्या मांडणीतील तिन्ही भाग मी इतक्या नैसर्गिकपणे एकत्र आलेले दुसऱ्या कोणत्या घरात पाहिले नाहीत, आणि ते दोघांपैकी कोणा एकाच्या खात्यावर टाकता येत नव्हते.

काळजीवाहकावरील ताण मोजण्यासाठी मी झारिट यांची 22 प्रश्नांची मापनी वापरली. तिचे गुण 0 ते 88 या टप्प्यात असतात. हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचे नाहीत, असे पथदर्शी अभ्यासानंतर ठरवले, कारण घरच्या माणसाची सेवा करताना आपल्याला त्रास होतो असे म्हणणे अनेकींना पाप वाटते. दुसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर, त्या बोलत. बोलताना कळे की तिलाही रक्तदाब आहे, मधुमेह आहे, आणि नवऱ्याच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावणारी ही बाई स्वतःची गोळी ‘राहिली तर राहिली’ म्हणते. गुडघे दुखतात म्हणून दाखवायला गेली नाही, कारण त्या वेळी घरी कोण थांबणार? अशी उत्तरे ऐकून नुसती नोंदवून निघून येणे मला परिचारिका म्हणून शक्य नव्हते. गरज दिसल्यास काळजीवाहकालाही तपासणीसाठी पाठवण्याची तरतूद मी आराखड्यात आधीच केली होती आणि ती पुष्कळ वेळा वापरावी लागली.

पुरुष काळजीवाहक थोडे होते. जे होते ते औषधांच्या वेळा, फायली, तपासण्यांच्या तारखा अतिशय काटेकोर सांभाळत. स्वयंपाकाबाबत मात्र त्यांना कोणीच काही शिकवलेले नव्हते. परदेशी असलेली मुले रोज व्हिडिओ कॉल करून आईला सूचना देत. त्यांच्या सूचना बहुधा बरोबर असत आणि अमलात आणायच्या असत त्या आईने.

विश्लेषणाच्या टप्प्यावर जोडीची माहिती वेगळ्या पद्धतीने हाताळावी लागते. एकाच घरातील दोघांची उत्तरे परस्परांशी बांधलेली असतात, त्यामुळे त्यांना दोन स्वतंत्र नमुने मानणारी नेहमीची सांख्यिकी चाचणी चुकीचे चित्र देते. यासाठी ॲक्टर-पार्टनर इंटरडिपेंडन्स मॉडेल वापरतात. पत्नीच्या ताणाचा परिणाम तिच्या स्वतःच्या वर्तनावर किती आणि नवऱ्याच्या स्व-काळजीवर किती, हे त्यातून वेगळे काढता येते. हे शिकायला मला वेळ लागला आणि संख्याशास्त्राच्या सरांनी अतिशय धीराने शिकवले. परंतु या मॉडेलसाठी प्रत्येक घरातून दोन पूर्ण प्रश्नावल्या लागतात. एकाची माघार म्हणजे जोडीच गळते, आणि म्हणून नमुनासंख्या ठरवताना जोडी हेच एकक धरावे लागते. जोडीने संशोधन करू इच्छिणाऱ्या परिचारिकांनी वेळापत्रक आखतानाच दुसऱ्या मुलाखतीसाठी, वेगळ्या दिवशी जाण्यासाठी आणि परत आलेल्या पावली पुन्हा जाण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

प्रबंधाचे लेखन सध्या चालू आहे. दरम्यान, ज्या विभागात मी माहिती गोळा केली तेथील इन्चार्ज सिस्टरांनी एक छोटा बदल करून पाहायला सुरुवात केली आहे. घरी सोडतानाच्या कार्डावर आता काळजीवाहकासाठी वेगळा भाग आहे: घरात स्वयंपाक कोण करते, गोळ्या कोण काढून देते, घरात वजनकाटा आहे का, आणि काळजी घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःला कोणता आजार व कोणती औषधे चालू आहेत. हा भाग भरताना रुग्णाला काही मिनिटे बाजूला बसवतात आणि तिच्याशी वेगळे बोलतात. फेरतपासणीला आल्यावर हीच माहिती पुन्हा विचारायची की केवळ बदल नोंदवायचे, यावर सिस्टरांमध्ये अजून चर्चा सुरू आहे. रात्रपाळीला मनुष्यबळ कमी असते, त्यामुळे डिस्चार्ज संध्याकाळी झाला तर हा भाग कोणी भरायचा, हेही ठरायचे आहे.